नेपाळच्या डोंगरगावात सहा आठवडे : शेती, मातीकाम आणि न फिटलेला हिशेब

कोरडवाहू (धागाकर्ती) :

मागच्या फाल्गुन-चैत्रात मी नेपाळमधील काभ्रेपलाञ्चोक जिल्ह्यातल्या एका डोंगरगावात सहा आठवडे एका शेतकरी कुटुंबाकडे राहिले, त्यांच्या शेतात राबले आणि त्यांच्या नव्या स्वयंपाकघराच्या मातीच्या भिंती बांधण्यात हात लावला. परत आल्यापासून ओळखीतले अनेक जण 'आम्हालाही असे जाता येईल का' असे विचारत आहेत, म्हणून चर्चेचा हा धागा काढून सविस्तर लिहिते. गावाचे आणि यजमानांचे नाव मुद्दाम देत नाही, कारण त्यांनी पाहुण्यांची रांग मागितलेली नाही.

आधी जाण्याच्या वाटेविषयी. शेतावर काम करायचे आणि त्याच्या बदल्यात जेवण-राहणे मिळवायचे ही पद्धत आता जगभर 'वूफिंग' या नावाने ओळखली जाते. तिची सुरुवात १९७१ मध्ये इंग्लंडमध्ये झाली. स्यू कॉपर्ड या लंडनमध्ये सचिवाची नोकरी करणाऱ्या बाईंना शनिवार-रविवारी शहराबाहेर पडायचे होते, म्हणून त्यांनी ससेक्समधल्या एका सेंद्रिय शेतावर चौघांची पहिली फेरी नेली. त्या मूळ कल्पनेत पैशाची देवाणघेवाण नव्हती. मी प्रथम ज्या मध्यस्थ संस्थेकडे चौकशी केली तिने मात्र आठवड्याचे शुल्क डॉलरमध्ये सांगितले, आणि त्यातले शेतकऱ्याच्या हातात किती पडते या प्रश्नाला दोन ई-मेलनंतरही उत्तर दिले नाही. शेवटी एका परिचितांच्या ओळखीने मला हे घर मिळाले आणि मी रोजचे आठशे नेपाळी रुपये, म्हणजे आपले पाचशे, थेट घरातल्या दिदींच्या हातात दिले. (शंभर भारतीय रुपयांना एकशे साठ नेपाळी रुपये हा दर ठरलेला आहे, त्यामुळे हिशेबाला डोके लागत नाही.)

घरात दाइ, दिदी आणि दाइंची वृद्ध आई अशी तीनच माणसे होती. मुलगा कतारमध्ये आहे. तिथे मोठ्या पुरुषाला दाइ आणि मोठ्या बाईला दिदी म्हणतात, मला ते दोघे 'बहिनी' म्हणत, आणि मराठी कानाला हा शब्द इतका ओळखीचा वाटला की पहिल्याच संध्याकाळी निम्मे परकेपण गळून पडले.

उरलेले निम्मे दुसऱ्या दिवशी सकाळी डोको पाठीवर आल्यावर परत आले. डोको म्हणजे निमुळत्या बुडाची बांबूची टोपली. तिचा सगळा भार नाम्लो नावाच्या पट्ट्याने कपाळावर पेलायचा असतो. मक्याच्या पेरणीआधी गोठ्यातले खत उतारावरच्या पायऱ्या-पायऱ्यांच्या शेतात नेऊन टाकायचे होते. या कोरडवाहू पायऱ्यांना तिकडे 'बारी' म्हणतात आणि पाण्याखालच्या भातजमिनीला 'खेत'. साठीला टेकलेल्या दिदी एका सकाळी आठ खेपा करीत आणि मी तीन, त्याही अर्ध्या भरलेल्या. पहिल्या आठवड्यात माझ्यामुळे त्या घराचे काम वाढले, हे मी इथे स्वच्छ लिहून ठेवते. मला वेगळे पाणी उकळावे लागले, माझ्या पायाला फोड आल्यावर दिदींना त्यावर पाला वाटून लावावा लागला, आणि मी मळलेला चिखल गवंड्याने दोनदा नाकारला.

त्या गवंड्याला तिकडे डकर्मी म्हणतात आणि सुताराला सिकर्मी. डकर्मी रोजंदारीवर होता आणि मी त्याची बिनपगारी मदतनीस होते. चौथ्या आठवड्यात त्याने माझ्या हातात पहिल्यांदा ओळंबा दिला, तेव्हा मला वाटले की आता आपण थोडे उपयोगी पडू लागलो. त्यानंतर दोन आठवड्यांत माझी परतीची तारीख आली. माझा मुद्दा एवढाच आहे की शिकण्याची किंमत यजमान चुकवतो आणि त्या शिक्षणाचे फळ घेऊन आपण निघून जातो. हा हिशेब कसा फिटावा यावर आपली मते वाचायला आवडतील.

माळवद :

आपले लेखन प्रामाणिक आहे, तरीही मातीच्या घरांविषयीच्या कौतुकाला माझा विरोध नोंदवणे मला भाग आहे. मी उमरगा तालुक्यातला आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, गणपती विसर्जनाची रात्र सरत असताना, किल्लारीचा भूकंप झाला तेव्हा मी सात वर्षांचा होतो. आमचे घर दगड-मातीचे आणि वर माळवद होते. लाकडी सऱ्यांवर टाकलेली माती दर पावसाळ्याआधी थोडी थोडी वाढवत गेल्याने तिची जाडी दोन हातांच्या जवळ गेली होती. भिंती फुटून बाहेर पडल्या आणि ती सगळी माती झोपलेल्या माणसांवर आली. आमच्या घरातून तिघे निघाले नाहीत. त्यानंतर आमच्या भागात दगड-मातीच्या भिंतीच्या सावलीत झोपायला कोणी तयार नव्हते, आणि 'नैसर्गिक बांधकाम शिकायला परदेशी जाते' असे कोणी म्हटले की मला अजूनही राग येतो. नेपाळमध्येही २०१५ मध्ये हेच झाले ना?

कोरडवाहू (धागाकर्ती) :

माळवद, आपण लिहिलेत याबद्दल मी ऋणी आहे. आपल्या रागाला उत्तर देण्याचा माझा इरादा नाही, फक्त तिथे जे पाहिले ते सांगते.

होय, तेच झाले. २५ एप्रिल २०१५ ला, शनिवारी दुपारी बाराच्या सुमारास, ७.८ क्षमतेचा भूकंप झाला आणि १२ मे रोजी पुन्हा ७.३ चा. सुमारे नऊ हजार माणसे गेली. काभ्रे हा सर्वाधिक हानी झालेल्या चौदा जिल्ह्यांपैकी एक होता. दाइंचे जुने दुमजली घर त्या शनिवारी बसले. सगळे बटाट्याच्या शेतात होते म्हणून वाचले. शाळांना सुट्टी होती, हेही तिकडे प्रत्येक जण आवर्जून सांगतो.

डकर्मीने मला जुन्या घराच्या उरलेल्या कोपऱ्याशी उभे करून ते का पडले हे दाखवले. जाड भिंत म्हणजे प्रत्यक्षात दोन पातळ भिंती असतात. आतली एक, बाहेरची एक आणि मधल्या पोकळीत दगडांचे तुकडे व माती. जमीन हलली की मधला भराव खाली दबतो आणि दोन्ही बाजूंना रेटा देतो. भिंतीला पोट सुटते आणि बाहेरचा थर सालासारखा निघून येतो. यावरचा उपाय म्हणजे भिंतीच्या आरपार जाणारे लांब दगड. साधारण दोन फूट उंचीमागे आणि चार फूट लांबीमागे एक असे ते घालायचे आणि कोपऱ्यात आलटून-पालटून लांब दगड गुंतवायचे. शिवाय जोत्याला, खिडकीच्या खाली, खिडकी-दारांच्या वर आणि छताखाली लाकडाचा किंवा काँक्रीटचा सलग पट्टा फिरवायचा, म्हणजे चारही भिंती एका पेटीसारख्या हलतात. वर पत्र्याचे हलके छप्पर. भूकंपानंतर नेपाळ सरकारने घरामागे तीन लाख नेपाळी रुपये दिले, पण ते पन्नास हजार, दीड लाख आणि एक लाख अशा तीन हप्त्यांत. जोते आणि पट्टे नियमाप्रमाणे आहेत हे अभियंत्याने पाहिल्याखेरीज पुढचा हप्ता मिळत नसे. दाइंचे आत्ताचे दोन खोल्यांचे घर त्याच पैशातून, दगड आणि मातीनेच, पट्टे घालून उभे राहिले.

आपल्या माळवदाचे वजन आणि आरपार दगडांचा अभाव, ही दोन कारणे किल्लारीलाही होती असे मी वाचले आहे. माती वाईट की चांगली यापेक्षा तिला कोणी बांधले आणि कोणत्या वजनाखाली ठेवले हे मला तिथे महत्त्वाचे वाटले.

माळवद :

किल्लारीनंतर आमच्याकडेही काही घरांत भिंतीला भोके पाडून असे आरपार दगड आणि सळ्या घातल्या गेल्या होत्या. लोकांनी त्या घरांत सामान ठेवले आणि स्वतः पत्र्याच्या शेडमध्ये झोपले. शास्त्र बरोबर असेल. भीतीला वेळ लागतो, एवढेच म्हणतो.

चुनकळी :

मी वास्तुविशारद आहे आणि मातीकामात काही वर्षे घालवली आहेत, म्हणून दोन तांत्रिक गोष्टी जोडते.

नेपाळमध्ये भूकंपाआधीपासून मातीच्या पोत्यांच्या बांधणीचे प्रयोग झाले होते. धान्याच्या प्लास्टिकच्या पोत्यांत किंचित ओलसर माती भरायची, ती विटांसारखी रचून धुम्मसाने ठोकायची आणि प्रत्येक दोन थरांमध्ये काटेरी तार घालायची, म्हणजे थर एकमेकांवरून घसरत नाहीत. कॅलिफोर्नियात स्थायिक झालेले इराणी वास्तुविशारद नादर खलिली यांनी ही पद्धत नावारूपाला आणली. २०१५ च्या भूकंपात अशा बांधणीच्या इमारती उभ्या राहिल्याने तिकडे त्यांच्याविषयी विश्वास वाढला. स्वयंसेवकांना ही पद्धत आवडते, कारण पोते भरायला आणि ठोकायला कौशल्य कमी आणि माणसे जास्त लागतात. दगडाच्या भिंतीचे तसे नाही, तिथे अर्धकच्चा हात अपायच करतो. ज्यांच्याकडे दोन-तीनच आठवडे आहेत त्यांनी पोत्यांचे, गिलाव्याचे किंवा चिखल मळण्याचे काम मागावे आणि दगड लावण्याचा हट्ट धरू नये.

दुसरी गोष्ट मातीच्या पारखीची. बाटलीत एक तृतीयांश माती आणि बाकी पाणी घालून चांगले हलवून ठेवावे. वाळू मिनिटभरात तळाशी बसते, गाळ त्यानंतर तासा-दोन तासांत आणि चिकणमाती दुसऱ्या दिवसापर्यंत. थरांची जाडी पाहिली की माती कशी आहे ते कळते. आपल्याकडे गावाच्या वस्तीला 'पांढरी' आणि शेतजमिनीला 'काळी' म्हणत, त्यातही ही पारख आहे. काळी माती पाण्याने फुगते आणि उन्हात भेगाळते, म्हणून ती पिकाला चालते, भिंतीला नाही. नेपाळमधून शिकून आलेल्या काहींनी विदर्भातल्या काळ्या मातीत तोच गिलावा करून पाहिला आणि पहिल्या उन्हातच तो निखळलेला मी पाहिला आहे.

अमेरिकेतून पाहताना :

माझा प्रश्न अगदी व्यावहारिक आहे. मी न्यू जर्सीत राहतो आणि माझ्याकडे आता अमेरिकेचा पासपोर्ट आहे. महाविद्यालयात जाणाऱ्या मुलीला उन्हाळ्यात असे पाठवता येईल का? ती म्हणते की पर्यटक व्हिसा घेऊन जाता येते आणि काम बिनपगारी असल्याने काही अडचण नाही.

कोरडवाहू (धागाकर्ती) :

इथे माझा अनुभव आपल्याला लागू पडणार नाही. १९५० च्या भारत-नेपाळ करारामुळे भारतीय नागरिकांना व्हिसा लागत नाही. विमानाने जाताना पासपोर्ट किंवा मतदार ओळखपत्र दाखवले की पुरते. इतर देशांच्या नागरिकांना मात्र पर्यटक व्हिसावर पगारी किंवा बिनपगारी, कोणतेच काम करण्याची मुभा नाही. 'पैसे घेत नाही म्हणजे काम नाही' हा समज बहुतेक देशांत चुकीचा ठरतो आणि त्याचा भुर्दंड यजमानालाही बसू शकतो. शिवाय अमेरिकेतला उन्हाळा म्हणजे नेपाळचा पावसाळा. जून-जुलैत भातलावणी असते, जळवा असतात, रस्ते दरडींनी बंद पडतात, आणि मातीचे बांधकाम तर पूर्ण थांबलेले असते. कार्तिकापासून वैशाखापर्यंतचे कोरडे महिनेच भिंतींसाठी योग्य.

पोतेरे :

व्हिसाच्या जोडीने एक सावधगिरीची सूचना. शेतीच्या नावाने जाहिरात करून प्रत्यक्षात अनाथाश्रमात 'मुलांबरोबर वेळ घालवण्याचे' काम देणाऱ्या जागाही नेपाळमध्ये आहेत. अशा गृहांतल्या बहुसंख्य मुलांचे आई किंवा वडील हयात असतात, आणि पाहुण्यांच्या देणग्यांसाठीच मुले खेड्यांतून आणली जातात, हे युनिसेफसारख्या संस्थांनीही मांडले आहे. तिथे अजिबात जाऊ नये.

आता मूळ मुद्दा. मातीच्या भिंतीचे कौतुक करणारे बहुतेक जण ती बांधतानाचे सांगतात, ती राखतानाचे कोणी सांगत नाही. माझ्या सासूबाई चिपळूणजवळच्या घरात दर आठवड्याला जमीन सारवत आणि दर दिवाळीआधी भिंती लिंपत. गुडघे गेल्यावर त्यांनी स्वतः हट्टाने फरशी बसवून घेतली आणि त्या दिवशी पेढे वाटले. तुमच्या दिदींच्या घरात हे काम कोण करते?

कोरडवाहू (धागाकर्ती) :

दिदीच करतात, आणि प्रश्न अगदी वर्मावर आहे. तिकडे दशैंच्या, म्हणजे आपल्या दसऱ्याच्या आधी प्रत्येक घर लिंपले जाते. खालचा भाग रातो माटो या तांबड्या मातीने आणि वरचा कमेरो या पांढऱ्या चिकणमातीने. दुरून डोंगरावरची ती दुरंगी घरे फार देखणी दिसतात आणि पर्यटकांच्या प्रत्येक छायाचित्रात असतात. ती माती खाणीतून डोक्यावर आणणारी बाई त्या छायाचित्रात नसते. पूर्वी पाच-सहा घरच्या लेकी-सुना मिळून हे काम करीत. आता मुले आखाती देशांत किंवा मलेशियात आणि सुना काठमांडूत मुलांच्या शाळेसाठी खोली घेऊन राहतात. परदेशातून येणारा पैसा देशाच्या उत्पन्नाच्या चौथ्या हिश्शाच्या घरात आहे असे म्हणतात. त्या पैशाने सिमेंट येते, हात येत नाहीत. दिदींना नव्या स्वयंपाकघराच्या भिंती मातीच्या हव्या होत्या त्या चुलीच्या उबेसाठी, पण जमीन त्यांनी सिमेंटची करायला सांगितली. मी मातीच्या जमिनीचा आग्रह धरायला तोंड उघडले होते आणि मिटले, हे आज बरे वाटते.

आडवाट :

मी कृषी सहायक म्हणून अकोले तालुक्यात नोकरी केली आणि आता निवृत्त आहे. धागाकर्तीने विचारलेल्या हिशेबाविषयी लिहितो.

आपल्याकडे इर्जिक होते. एखाद्याचे शेत मागे राहिले की गावातली सगळी औते एका दिवशी त्याच्या शेतात उतरत, पैसे कोणी घेत नसे आणि संध्याकाळी त्या घरी जेवण होई. सावड हा त्याचाच दुसरा प्रकार. तुझे बैल आज माझ्याकडे, माझे उद्या तुझ्याकडे. या दोन्हींत दया किंवा सेवा नव्हती. आज आलेल्या माणसाच्या शेतात उद्या आपल्याला जावेच लागे, आणि जो जात नसे त्याचे नाव गाव विसरत नसे. परदेशी स्वयंसेवक येतो तेव्हा त्याला जेवण मिळते, म्हणजे इर्जिकीचा अर्धा भाग पुरा होतो, पण त्याच्या शेतात जायची पाळी यजमानावर कधी येत नाही आणि आपल्या श्रमाचे मोल काय हे त्यालाही कधी कळत नाही. धागाकर्तीला टोचते आहे ते हेच असावे.

कोरडवाहू (धागाकर्ती) :

आडवाट, मला हवा असलेला नेमका शब्द आपण दिलात. तिकडे याला 'पर्म' म्हणतात आणि ती पद्धत अजून तग धरून आहे. मक्याची पेरणी दाइंनी पर्म लावूनच केली. आम्ही तिघे आधी दोन दिवस शेजाऱ्यांच्या बारीत गेलो, मग ते आमच्याकडे आले. त्या दिवशी माझी गणना कशी करायची यावर शेजाऱ्यांत खरोखर चर्चा झाली आणि मला अर्धे माणूस धरण्याचे ठरले. सहा आठवड्यांत मला मिळालेले हे एकमेव खरे मोजमाप. दाइंना माझ्या दोन दिवसांच्या बदल्यात शेजाऱ्याकडून एका दिवसाचे काम मिळाले, म्हणजे तेवढ्यापुरता माझा हिशेब गावात फिटला.

आडवाट :

अर्धे माणूस हा मान कमी समजू नका. शेतीविषयी आपण फार थोडे लिहिले आहे. रासायनिक औषधे किती वापरतात?

कोरडवाहू (धागाकर्ती) :

काभ्रेच्या खालच्या खोऱ्यात, विशेषतः पाञ्चखालकडे, काठमांडूच्या बाजारासाठी बटाटा आणि भाजीपाला होतो आणि तिथे फवारणी फार आहे. वरच्या गावात दाइ झोलमल वापरतात. गोमूत्र, शेण, पाणी आणि विरजणासारखे मिसळलेले जिवाणू यांचे ते आंबवलेले द्रावण असते, आणि किडीसाठीच्या प्रकारात तितेपातीसारखा कडू पाला घालतात. आपले जीवामृत आणि दशपर्णी अर्क यांचा हा चुलतभाऊ समजावा. काठमांडूतल्या इसिमोड या संस्थेने याच जिल्ह्यात त्याचा प्रसार केला. फुलकोबीवर ते चांगले चालते, बटाट्याच्या करप्यावर चालत नाही असे दाइंचे मत, आणि करपा आला की तेही दुकानात जातात.

एक गमतीची गोष्ट आपल्याला आवडेल. तिकडे जेवणात रोज 'कोदो' असे ऐकून मी आपला कोद्रा समजले होते. पानात आली ती नाचणी. नेपाळीत नाचणीलाच कोदो म्हणतात. आषाढ-श्रावणात मका उभा असतानाच त्याच्या ओळींमध्ये तिची रोपे लावतात, म्हणजे एकाच पायरीवर दोन पिके निघतात. तिच्या पिठाचा ढिंडो म्हणजे घट्ट उकड, आणि सोबत आंबवून वाळवलेल्या पाल्याचे, गुंद्रुकचे आंबट कालवण.

आडवाट :

आमच्याकडेही नाचणीची रोपलागवडच करतात, मात्र मक्यात कोणी करत नाही. दाइंना आषाढात अकोल्याला घेऊन या. माझ्या भावाची उताराची जमीन आहे. राहणे-जेवण आमच्याकडे, आणि तुमच्या सहा आठवड्यांची परतफेड म्हणून आम्ही उलट त्यांनाच शिकवायला बोलावतो, असे समजा. प्रवासखर्च तुम्ही द्या, कारण ऋण तुमचे आहे.

कोरडवाहू (धागाकर्ती) :

आपला प्रतिसाद काल रात्री दाइंना फोनवर वाचून दाखवला. ते बराच वेळ हसले, मक्यात नाचणी कोणी लावत नाही हे त्यांना खरे वाटेना, आणि मग म्हणाले, "बहिनी, शेळ्या कोण बघेल?" याला माझ्याकडे उत्तर नव्हते. मुलगा पुढच्या वर्षी सुट्टीवर आला तर बघू, इतकेच ठरले.

दिदींनी पावसाळ्यानंतरच्या भिंतीचे छायाचित्र पाठवले आहे. चुनकळी यांच्यासाठी सांगते : उत्तरेची भिंत जशीच्या तशी आहे आणि पश्चिमेच्या खिडकीखालचा, मी एकटीने केलेला गिलावा हातभर रुंद निघून आला आहे. चार घमेली माती, दोन शेण आणि एक भुसा असे प्रमाण होते, पण मी भुसा पुरेसा भिजू दिला नव्हता असे डकर्मी म्हणतो. दशैंच्या आधी दहा दिवस जाऊन तो तुकडा काढून पुन्हा करायचा आणि दिदींबरोबर बाकीचे घर लिंपायचे असे ठरवले आहे. गोरखपूरपर्यंतचे तिकीट काढले, पुढे सीमेवरच्या सुनौलीहून बस आहे. पोतेरे, तुमच्या सासूबाई लिंपताना भेगांत आधी काय भरत हे त्यांना विचारून सांगाल का?